आमच्यात कुणालाच फिट येत नाही

अम्मा, तुझ्या नातीचा मला हेवा वाटतो. तू तिला पाहिलंच नाहीस, तू गेल्यावर झाली ती. धाकटीची मुलगी, हेब्बाळला कंपनीत आहे, आणि तिलाही माझ्यासारख्याच फिट येतात. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तिनं शेजारच्या टेबलांवरच्या सगळ्यांना सांगून टाकलं म्हणे, "मी पडले तर कुशीवर वळवा, तोंडात काही कोंबू नका, आणि चप्पल हुंगवलीत तर उठल्यावर त्याच चपलेनं मारीन!" सगळे हसले म्हणे. जेवता जेवता सांगत होती, आणि मी आतल्या आत जळत होते.

मला तो दसरा आठवतो. मी चौदा वर्षांची, धाकटी चारची. देवराज मोहल्ल्यातल्या घरात तू पायऱ्यांवर गोंबे-बाहुल्या मांडतेस, त्यातल्या राजा-राणीला नवी जर शिवतेस, नि गल्लीतल्या बायका बघायला येतात. मी स्वयंपाकघरात, दाराला बाहेरून कडी. "सुम्ने बस, आवाज नको," एवढंच बोलून तू गेलीस. बाहेर कुणी विचारतं, थोरली कुठाय? तू म्हणतेस, डोकं दुखतंय तिचं. अय्यो, लाकडाच्या बाहुल्यांवरसुद्धा जळले गं मी! आणि परकर नेसून सगळ्यांच्या हातावर फुलं ठेवणाऱ्या धाकटीवर तर किती! पुढे गोळ्यांनी फिट थांबल्या. गोळी तू गुळात लपवून द्यायचीस, धाकटीला सांगायचीस, अक्काला अशक्तपणा आहे. माझ्यामुळे तिचं लग्न अडेल ही तुझी भीती मला कळत होती. तिचं झालं. मला आलेली स्थळं तू दारातूनच परत पाठवलीस. त्याबद्दल तू माझ्याशी एकदाही बोलली नाहीस, याचा राग अजून आहे.

परवा भाचीबरोबर मी दवाखान्यात गेले होते. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला आहे का? ती माझ्याकडे वळली. "मावशी, आपल्यात कुणाला होतं का गं?" मी म्हणाले, "नाही बाई, कुणालाच नाही." तिचा चेहरा पडला. "म्हणजे मी एकटीच," म्हणाली.

तुझ्या धाकानं खोटं बोलले, असं तुला लिहायला बसले होते. पण तसं नाही, अम्मा. तिला सगळंच मिळालंय, निदान एकटं वाटणं तरी माझ्यासारखं वाट्याला येऊ दे, असं वाटलं मला. अजून तिला फोन केलेला नाही.