पडद्याखालचं पाऊल

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

येत्या शुक्रवारी वर्गात ते रोमन प्रसंगाचं छापचित्र शिकवायचंय. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं, नवअभिजात धाटणीचं. तहाला बसलेले सेनापती; तहात एकाची मुलगी शत्रूच्या घरी द्यायची. सगळ्यांचे हात मधल्या मोकळ्या फरशीकडे. मी दर वर्षी सांगतो — ती मोकळी जागा म्हणजे कर्तव्य, सगळ्या रेषा तिकडेच वळवल्यात. मुलं लिहून घेतात.

संध्याकाळी डिंगोऱ्याहून दाजींचा फोन. तेजस्विनीची सुपारी रविवारी, मुलगा पारगावचा. "सुपारी मामानंच फोडायची, पावणं." हो म्हणालो.

५ फेब्रुवारी

भाचीचा फोन. मुलगा पसंत आहे, तारीख नाही. लग्न एप्रिलात धरलंय, नर्सिंगची शेवटची परीक्षा जूनमध्ये. एकदा लग्न झालं की परीक्षेला कोण सोडतंय! "मामा, तुमी म्हणा ना."

बघू म्हणालो. हा शब्द मला फार लवकर सुचतो.

७ फेब्रुवारी

तासाआधी चित्र फोनवर मोठं करून पाहिलं. उजव्या कडेला पडदा, त्याखाली बाईचं एक पाऊल. टाच उचललेली. इतकी वर्षं दिसलं नाही! जिच्याबद्दल चाललंय ती तिथं आहे. मग मधली जागा कर्तव्याची कशी?

वर्गात सांगितलं, ती पळायच्या बेतात आहे. हेही घाईनंच.

९ फेब्रुवारी, रविवार

सतरंजीवर दोन्हीकडचे पुरुष. मध्ये ताट — नारळ, सुपारी. मुलाच्या वडिलांनी मुलीचं म्हणणं विचारलं.

"तिचं काय येगळं आसणार? एप्रिलच," दाजी म्हणाले.

सगळे माझ्याकडे वळले. स्वयंपाकघराच्या पडद्याखाली तिचे पाय दिसत होते. म्हणालो, "दाजी, तिला इथं बसवा. तिच्यासमोर फोडतो."

"पावणं, कॉलेज न्हाई हे."

कुणीतरी हसलं. मी बत्ता उचलला. हो, उचलला — निदान इथं तरी खरं लिहावं.

तेवढ्यात पडदा सरकला. तेजस्विनी ताटाशी येऊन बसली. "लग्न करायचंय. पण जूनचे पेपर झाल्यावर."

 मग मुलाचे आजोबा म्हणाले, "आगं, आदीच सांगायचं व्हतं की! जूननंतर धरा."

सुपारी फोडली. दाजी माझ्याशी न बोलता जेवले. निघताना ताई म्हणाली, तू होतास म्हणून झालं. बायका सगळ्यांना सांगतायत, मामानं पोरीला बैठकीत बोलावलं. मी बत्ता उचलला होता, हे सांगितलं नाही.

१० फेब्रुवारी

चित्र पुन्हा पाहिलं. पावलाची बोटं सेनापतींच्या दिशेनं आहेत; ती पळत नाही, आत येतेय. तिला बोलावणारं कुणी चित्रात नाही.