तांब्याचा धूर

आई, तू जाऊन सात वर्षं झाली आणि एक गोष्ट मी तुझ्याशी कधीच बोलले नाही. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणूनच लिहिता येतंय. समोर कॉम्प्युटरवर एका ताऱ्याचा प्रकाश पट्टीसारखा पसरलाय, त्यात बारीक काळ्या रेषा. कोणती रेषा कोणत्या मूलद्रव्याची, ते ओळखणं हे माझं काम. या ताऱ्यात बेरियम फार आहे, आणि ते त्याने स्वतः बनवलेलं नाही. तेवढं त्याचं वयच झालेलं नाही. माझे गाईड सर म्हणतात, "त्याला काय विचारतेस? शेजारी कोण होतं ते शोध." अशा ताऱ्याला जोडीदार असतो. तो आधी म्हातारा होतो, पोटात जड मूलद्रव्यं बनवतो, मरता मरता बाहेर सोडतो आणि ती याच्या अंगावर येऊन पडतात. मग जोडीदार इतका मंद होतो की याच्या उजेडात दिसतच नाही. फक्त हा तारा मागेपुढे डुलत राहतो, त्यावरून कळतं की तिथे अजून कुणीतरी आहे.

अजून डोळ्यांसमोर येतं: घाटकोपरच्या डोंगरावर, आपल्या खोलीमागे, आतलं तांबं विकायला तू पत्र्याच्या डब्यात भंगारातल्या वायरी जाळतेस. मी अभ्यास सोडून बघत बसते. प्लास्टिक वितळतं, ज्योतीच्या कडेला हिरवट रंग येतो आणि तू पदर नाकाला लावून म्हणतेस, "आलं बघ तांबं." म्हणून कॉलेजच्या प्रॅक्टिकलला ज्योत हिरवी झाली तेव्हा मी विचार न करता तांबं लिहिलं. ते बेरियम होतं. आपल्या घरातली पहिली कॉलेजात गेलेली मी, घरी येऊन तुझ्यावरच चिडले. तू हसलीस, हसता हसता खोकलीस. "आपल्या वस्तीत बेरियम कोण टाकतं गं? टाकलं असतं तर तेपण दाखवलं असतं."

तो खोकला गेलाच नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारलं, "या काम काय करतात?" मागे रांगेत माझ्या वर्गातली एक मुलगी आजोबांना घेऊन उभी होती. मी म्हटलं, "काही नाही, घरीच असते." तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "हो, घरीच." डॉक्टरांनी धुराचं विचारलंच नाही, खोकल्याचं औषध लिहून दिलं. बाहेर आल्यावर मला वाटलं तू रागावशील. तू म्हणालीस, "बरं केलंस. मैत्रिणीसमोर कशाला?" आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा पेटवलास. खरं सांगितलं असतं तर तू वाचली असतीस का, मला माहीत नाही. बाबा अजून लोकांना सांगतात, पोरीने आईचं फार केलं. मी ऐकून घेते.

आता रविवारी मी कांजूरमार्गच्या एका वस्तीत जाते. तिथल्या बायकांना सांगते, वायरी जाळू नका, ब्लेडने सोला, तो धूर छातीत बसतो. परवा एकीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू तर शिकलेली दिसतेस. तुला गं कसं माहीत?"

"वाचलंय," मी म्हटलं.