मोकळी केल्याची अट

कार्डिफ,
१४ नोव्हेंबर १९९३

सौ. मधुमतीवहिनींना,
सुमनचा नमस्कार.

तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. दादांना अर्धांगाचा झटका आल्याचं वाचून वाईट वाटलं. उजवी बाजू गेली म्हणजे जेवणाचे, बोलण्याचे सगळेच हाल. तुमच्या मीनलला मेडनहेडची नोकरी सोडून येता येत नाही, तेही कळलं. इकडे मी बरी आहे. हॉस्पिटलात ऑक्झिलरी, म्हणजे नर्सच्या हाताखालची मदतनीस, म्हणून आता कायम झाले.

'तुझी खोली तशीच आहे, लगेच निघून ये,' असं तुम्ही लिहिलंत. उत्तराला पाच दिवस लागले.

दर गुरुवारी मी लायब्ररीतल्या क्लासला जाते. इंग्रजी सुधारावं म्हणून वॉर्डच्या सिस्टरने नाव घालायला लावलं, आणि जागा होती ती फक्त प्राचीन ग्रीसच्या वर्गात. मिस्टर प्रोबर्ट म्हणून निवृत्त मास्तर शिकवतात. या गुरुवारी त्यांनी गुलामांना मोकळं कसं करत ते सांगितलं. सुटलेला गुलाम काही नागरिक व्हायचा नाही. त्याची गणती परक्या रहिवाशांत, आणि वर कुणीतरी पालक लागायचाच. डेल्फीच्या देवळाच्या भिंतीवर सुटका कोरून ठेवत, की अमकी बाई आता मोकळी. खाली पुष्कळदा अट असे. मालक जिवंत आहे तोवर तिने त्याच्यापाशी राहावं, सांगेल ते काम करावं. एका बाईंनी विचारलं, मग मोकळं काय झालं?

"आता तिला विकता येत नसे," सर म्हणाले.

मी वहीत काही लिहिलं नाही.

मीनलला युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला, तेव्हाची स्टॅनमोरच्या तुमच्या घरची पार्टी तुम्हाला आठवत असेल. दादांनी मला स्वयंपाकघरातून बोलावलं. सात वर्षं त्यांच्या कपाटात असलेला माझा पासपोर्ट त्यांच्या हातात होता. माझे हात कणकेचे, म्हणून त्यांनी तो माझ्या काखेत खोचला. सगळे हसले. "सुमन आजपासून मोकळी," दादा म्हणाले. "पण आम्हाला गरज पडली की यायचं. कबूल?" मी हो म्हटलं. टाळ्या पडल्या.

मला तुम्ही गुलाम केलंत, असं मी म्हणत नाही. कधी हात उगारला नाहीत. पाहुण्यांना 'घरचीच आहे' म्हणून सांगितलंत. आईने तीस वर्षं साताऱ्याला तुमच्या सासरी धुणीभांडी केली, तिनेच मला तुमच्याबरोबर इकडे पाठवलं. म्हणून पुढचं लिहायला जड जातंय.

८६ च्या जूनमध्ये आई गेल्याची तार आली. मीनलची परीक्षा चालू होती. ती संपल्यावर तुम्ही मला जवळ बसवून सांगितलंत. पाठीवरून हात फिरवलात. 'आजच कळलं गं,' म्हणालात.

वहिनी, तार मी पहिल्याच दिवशी वाचली होती. टेबलक्लॉथ काढताना ड्रॉवरमध्ये दिसली. दोन शब्दांचं इंग्रजी, तेवढं मला येत होतं. अकरा दिवस मी वाट पाहिली, तुम्ही सांगाल म्हणून. मीनलचा डबा भरला, दादांच्या शर्टांना इस्त्री केली, रविवारी तुमच्या पाहुण्यांना श्रीखंड वाढलं. पासपोर्ट मागितला नाही. रडलेही नाही. तुम्ही सांगितल्याशिवाय रडायचं नाही, असं मला कुणी शिकवलं नव्हतं. तरी मला ते येत होतं. तुमच्यापेक्षा त्याचाच राग जास्त येतो.

मी येणार नाही.

कौन्सिलच्या सोशल सर्व्हिसेसला फोन करा, होम हेल्प मिळते. पण ती दिवसाकाठी तासभर येईल. बाकीचं तुम्हालाच करावं लागेल. दर दोन तासांनी त्यांची कूस बदला, टाचांखाली मऊ उशी ठेवा, नाहीतर जखमा होतात. पाणी बसवूनच पाजा, चमच्याने. अंग पुसताना दोघांनाही लाज वाटेल. आठवड्याभरात हात सरावतात.

दिलेला शब्द मी मोडते आहे. कुणी विचारलं तर सांगा, सुमन उलटली. खरंच आहे ते.

कळावे. लोभ नसला तरी चालेल.

सुमन गणपत शेलार