हिचा आवाज येत नाही

रेवदंडा,
गुरुवार, १६ जानेवारी २०२५

चि. प्रणालीस अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. मैनाचा, तुझ्या सासूबाईंचा, दमा थंडीत वाढतो तसा वाढलाय, तरी सुकट वाळत घालायला अंगणात जायची ती जातेच, आणि मी अडवलं की माझ्या गुडघ्याचा उद्धार करते. पूर्वीसाठी, माझ्या नातीसाठी, तिळाचे लाडू निकेतच्या पिशवीत दिलेत. तळ्याला तुमच्या घरी पोचेपर्यंत त्याने संपवले नसतील तर तिला मिळतील.

फोन सोडून कागद काढला म्हणून हसशील. फोनवर तू विचारतेस, "बाबा, बरं आहे ना?" मी म्हणतो, बरं आहे. झालं. माझा साहिल गेल्यापासून दोन वर्षं आपलं एवढंच बोलणं.

निकेत मंगळवारी आला. तुझा भाऊ चांगला उंच झालाय, दाराची चौकट त्याला पुरत नाही. साहेबांनी त्याला माझ्या जागी ड्रायव्हर म्हणून घ्यायचं ठरवलंय, सोमवारपासून ये म्हणालेत. तो म्हणाला, "ताईनं सांगितलंय, बाबांना विचार गाड्या कशा हायत, मंगच हो म्हण." त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मैनाने दोनदा विचारलं काय झालं म्हणून. मी म्हटलं, ॲसिडिटी.

तर गाड्यांचं सांगतो.

साहेब मुंबईहून शनिवारी येतात, रविवारी जातात. बाकी दिवस त्यांच्या गाड्या खाऱ्या हवेत उभ्या. बॅटरी उतरते, ब्रेकच्या चकत्यांना गंज धरतो. म्हणून दर गुरुवारी सकाळी एकेक गाडी साळावच्या पुलापलीकडे, कोर्लईपर्यंत नेऊन आणायची. अकरा वर्षं मी हेच केलं. लोकांना वाटतं, ड्रायव्हर ऐश करतो.

लाल गाडी तुला माहीत आहे. सहा सिलिंडरचं जुन्या पद्धतीचं इंजिन, टर्बो नाही, गिअर हाताने टाकायचे. रोजच्या वापराला म्हणशील तर शिक्षा आहे. क्लच इतका कडक की बाजारातून एक फेरी मारली की पोटरीला गोळा येतो. खड्डा चाकाखाली आला की मणक्यात कळतो. गतिरोधकावर तिरकी घ्यावी लागते, नाहीतर पोट घासतं. पण इंजिन म्हणशील तर खरं बोलणारं. जेवढं दाबाल तेवढंच देणार, आणि देताना गावभर सांगणार. आवाज पायरी पायरीने चढतो. चाळीसला गुरगुरते, ऐंशीला ओरडते, शंभराला शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. तिचा वेग दाखवणारा काटा कधीच अडकलाय, खाऱ्या हवेने की कशाने. साहेबांना मुंबईहून माणूस आणायचा कंटाळा, आणि मला काट्याची गरज नव्हती. मी कानाने वेग सांगायचो, आणि काटा चालू होता तेव्हा चार-पाचच्या वर कधी चुकलो नव्हतो. याचा मला फार माज होता.

साहिललाही मी तसंच शिकवलं. कंपनीत त्याची सुट्टी गुरुवारी असायची, तेव्हा लालमध्ये शेजारी यायचा, पुढे चालवायला लागला. सवयीने त्या अडकलेल्या काट्याकडे बघितलं की मी गुडघ्यावर चापट मारायचो. "कान ठेव. गाडी सांगते." वर्षभरात तो इतका तयार झाला की मला डोळे मिटायला लावून विचारायचा, बाबा, आता किती? दोघांचा आकडा एकच यायचा.

दुसरी गाडी राखाडी. ती तुझ्यासमोरच आली होती. टर्बोची, गिअर आपोआप पडणारे, चारही चाकांना ताकद. ती बाजारात रिक्षावाल्यांच्या मधून मांजरासारखी जायची. मैनाला एकदा तिच्यातून अलिबागला डॉक्टरकडे नेलं, मांडीवर दह्याचं पातेलं होतं, थेंब सांडला नाही. म्हातारी माणसं, लहान पोरं, रोजचा प्रवास, सगळ्याला हीच चांगली. तुझ्या प्रश्नाचं पुस्तकी उत्तर तेच आहे.

पण टर्बो इंजिनात हवा कोंबतो. त्यामुळे ताकद खालीच, इंजिन फार न फिरताच मिळते. फिरत नाही म्हणून ओरडत नाही. वरून काचा दुहेरी, आणि रस्त्याचा धक्का ती आतपर्यंत पोचूच देत नाही. साठला जशी शांत, तशीच सव्वाशेला. ती कानाने चालवायची गाडीच नव्हे. हे मला कळायला हवं होतं. मी तिच्यात बसायचो तेव्हा नकळत काट्याकडे बघायचो, आणि ते मी कुणाला सांगितलं नाही, कारण त्यात मला कमीपणा वाटायचा.

साहिल गेला त्या गाडीत. गाडीच्या नोंदीत वेग निघाला एकशे अठ्ठावीस. कोर्लईच्या अलीकडच्या वळणावर. गावाने म्हटलं, मस्ती नडली. तूही तेच धरलंस. बाराव्यालाही तू रडली नाहीस, नुसती रागाने बसून होतीस, आणि तेराव्याला पूर्वीला घेऊन माहेरी गेलीस. त्याचा फोटो तू भिंतीवर लावू दिला नाहीस, तो तुझ्या कपाटात पालथा आहे, हे निकेतने परवा सांगितलं. आणि पूर्वी शाळेत सांगते म्हणे, माझ्या पप्पांनी न विचारता दुसऱ्याची गाडी नेली.

प्रणाली, त्याने विचारलं होतं.

त्या गुरुवारी मी लाल फिरवून आलो आणि गुडघा असा सुजला की राखाडी न्यायचं त्राण नव्हतं. तो ओट्यावर चहा पीत होता. चावी मी त्याच्या हातात दिली. त्याने ती गाडी त्याआधी कधी चालवली नव्हती. दारापर्यंत गेला आणि मागे वळून म्हणाला, "बाबा, हिला बी कानानंच चालवायची का? हिचा आवाजच येत न्हाय." मी वर बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, "गाडी ती गाडी. कान ठेव."

त्याने ठेवला. मी त्याला ओळखतो, तो त्या वळणावर साठच्या आसपास आहे असं समजून चालला असणार. माझा मुलगा मस्तीत नव्हता. तो मी सांगितलं तसं करत होता.

दुपारी साहेबांचा फोन आला. पहिला प्रश्न, चावी कुणी दिली? मुलाला अजून घरी आणलंही नव्हतं, आणि मला नोकरीची आणि बंगल्यामागच्या या खोलीची भीती वाटली. मी म्हटलं, न विचारता घेऊन गेला. मग पोलिसांना तेच सांगितलं, मैनाला तेच, तुला तेच. सांगून सांगून ते घट्ट झालं. तू त्याच्यावर चिडायचीस आणि मी मान खाली घालून बसायचो. लोकांना वाटायचं, बाप खचलाय.

काल मी साहेबांना फोन करून खरं सांगितलं. ते म्हणाले, खोली महिनाअखेर सोडा. बरोबरच आहे त्यांचं. मैनाला आज सकाळी सांगितलं. ती अंगणात गेली ती अजून आत आलेली नाही. सुकट केव्हाच वाळून झाली.

निकेतने नोकरी घ्यायची की नाही ते तू ठरव. राखाडीच्या जागी तसलीच निळी आली आहे, तिच्याहून शांत. घेतलीच तर त्याला सांग, काट्यावरून नजर हलवू नकोस, आणि दिनानाथ काही शिकवायला आला तर ऐकू नकोस.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी म्हणावं लागेल, आणि तुझ्यावर मी आधीच फार लादलंय. तुझा राग दोन वर्षं चुकीच्या माणसावर होता, तो तेवढा काढून घे. फोटो सुलटा कर.

आणि पूर्वीला शाळेत सांगायला दे, पप्पांनी विचारलं होतं. आजोबांनी चुकीचं सांगितलं.

साहिलचा बाप,
दिनानाथ