अकरा एक

बोनकोडे,
ता. २६ नोव्हेंबर १९६१

सौ. जमुनाताईस पंढरीचा नमस्कार.

इथे सगळं ठीक. भात झोडून झालं, शाळा दिवाळीनंतर उघडली. उरणला तुला नातू झाल्याचं बाहेरून कळलं. तू का कळवलं नाहीस ते मला ठाऊक आहे. तरी हे पत्र फाडू नकोस. आपल्या कमळीबद्दल आहे.

तिचा नवरा वारल्यावर धाकटी बहीण म्हणून मी तिला घरी आणलं. शाळेतल्या पोरांच्या पाट्या बघून ती भागाकार शिकली. सारखी काहीबाही विचारायची. एकदा कटकट नको म्हणून मीच म्हणालो, "अकरा एक ओळीने लिही. त्या संख्येला कशानेच भाग जात नाही. जातो का बघ." अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. मला स्वतःला काही माहीत नव्हतं. मास्तर म्हणून ठोकून दिलं.

दोन वर्षं ती त्यामागे होती. कागद संपले तेव्हा चुलीमागची भिंत कोळशाने भरली. म्हणायची, "दादा, पाच एकांना एक्केचाळीसनी भाग जातो, सातांना दोनशे एकोणचाळीसनी. त्यावरशी अकरांचं मना गावलंय. बावीसच्या पाढ्यात एक मिलवायचा, तेवरंच आकडे बघायचे." मी नीट ऐकलंही नाही. लोक दारात उभे राहून भिंत बघत, अंगात आलंय म्हणत. मला गावात मान वर करता येईना.

चैत्रात एक दिवस ती धावत शाळेत आली. "दादा, भाग गेला! बाकी शून्य!" पोरं हसली. त्याच आठवड्यात मी तिला होडीने खाडीपलीकडच्या वेड्यांच्या इस्पितळात नेलं.

डॉक्टरांनीच ठेवून घेतलं असं मी तुला लिहिलं होतं. ते खोटं. डॉक्टर भला माणूस. त्याने विचारलं, "मास्तर, ही म्हणते तो हिशेब बरोबर आहे का?" कमळी माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "नाही. तिला भास होतात." आणि सही केली.

दिवाळीच्या आधी भिंत सारवायला घेतली. अगदी खाली, जमिनीलगत, एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास लिहिलेलं. बावीसच्या पाढ्याने नऊशे चौऱ्याऐंशी वेळा भाग घालून ती तिथवर पोचली होती. हात धुतले, पाटी घेतली. उत्तर आलं पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस. बाकी शून्य. तीनदा करून पाहिलं. तिच्यासमोर जायचा धीर व्हायला मला तीन आठवडे लागले.

काल गेलो. केस कापलेत तिचे. म्हणालो, "कमळे, तुझं बरोबर होतं गं. भाग जातो."

तिने आधी दाराकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "नाय दादा. जात नाय. मी आता तसं काय बोलत नाय. डॉक्टरला सांग ना."

मी पुन्हा सांगितलं. तिने हात जोडले आणि ती रडायला लागली.

डॉक्टरांना सगळं कबूल केलंय. उद्या तिला घरी आणतो. तू ये, ताई. तुझ्याकडून ऐकलं तर कदाचित तिला पटेल.

ज्याच्या तोंडचं खरंही तिला आता सापळा वाटतं, तो तुझा भाऊ,
पंढरी