काकड्यांची बरणी

प्रिय चिऊ,

तू माझ्यासाठी खोली रिकामी केलीस, नवे पडदेही लावलेस, हे जावयांनी फोनवर सांगितलं. कधी येतेस ते कळव म्हणालीस, म्हणून लिहायला बसले. बसले म्हणजे ओट्याला टेकून उभी आहे, कारण टेबलावर तुझ्या बाबांचे टोमॅटो वाळत पडलेत आणि त्यांच्यावर चिलटांनी ठाण मांडलंय.

घराचं काय करून ठेवलंय ते तुला फोनवर दिसत नाही. बाल्कनीत कुंड्यांमुळे पाय ठेवायला जागा नाही हे तुला ठाऊक आहे; आता न्हाणीघरातही नाही. तिथे खताची बादली आहे. झाकण काढलं की आत पांढऱ्या अळ्या वळवळतात आणि बाबा त्यांच्याकडे नातवंडांकडे बघावं तसे बघतात. परवा अंघोळ करताना त्यातली एक माझ्या पायावर चढली. त्या शिसारीने मला दिवसभर जेवण गेलं नाही. पलंगाखाली मिठात आंबत घातलेल्या कोबीच्या बरण्या, कपाटात माझ्या कपड्यांना खेटून लिंबांच्या. कोबीची एक बरणी फसफसून उतू गेली आणि माझी चांगली शाल त्यात भिजली. कितीदा धुतली, तरी अंगावर घेतली की शेजारीण सरकून बसते. हसू नकोस.

आणि हे सगळं कशासाठी, तर त्या जमिनीच्या तुकड्यासाठी. माणसाचा उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला, अंधाऱ्या खड्ड्यात, हाताला कायम ग्रीस. तेव्हापासून डोक्यात एकच: शहराबाहेर दोन खोल्या, भाजीचे वाफे, चार कोंबड्या आणि फळीवर वर्षभर पुरतील एवढ्या बरण्या. जेवताना ताटातल्या मिठाने कोंबड्यांचं खुराडं आखून दाखवतात. जमीन दोघांच्या नावाने घ्यायची, म्हणून माझ्या सहीवाचून घोडं अडलेलं. मी सही करायची नाही, आणि त्यांनी हट्ट सोडलाच नाही तर त्यांनी खुशाल एकट्याने जावं, मी तुझ्याकडे यावं, असं आपण दोघींनी ठरवलं होतं. मी ते मनापासून बोलले होते. जमीन बघायला गेलो तेव्हा चपलांना लागलेला तिथला चिखल मी अजून विसरलेले नाही.

गेल्या आठवड्यातलं तुला सांगितलेलं नाही. झाडांना घालायला बाबा माशांची डोकी नि आतडी पाण्यात कुजवतात आणि ते पाणी गाळून बाटलीत भरतात. काकड्या मुरवायचं मिठाचं पाणीही तसल्याच बाटलीत. दोन्ही गढूळ, दोन्ही ओट्याखाली. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावा म्हणून मी घसा फोडला, पण त्यांचं म्हणणं, वासावरून कळतं की. रविवारी त्यांनी काकड्यांची बरणी उघडली, एक मला दिली, एक स्वतः खाल्ली. घरभर कायमच कसला ना कसला कुबट वास असतो, म्हणून उघडताना मला वेगळं काही जाणवलं नाही. त्या चवीचं मी वर्णन करणार नाही. माशांच्या पाण्यात मुरलेली काकडी होती ती. मी धावत जाऊन आतडी पिळवटेपर्यंत ओकले. तोंड धुऊन परत येते तर बाबा शांतपणे चावत उभे होते, आणि म्हणाले, मीठ जरा कमी पडलंय.

दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात सलाइन लावावं लागलं. तुला कळवू नको म्हणाले. घरी आल्यावर ते मिरचीच्या रोपाला पाणी घालत असताना मी ती माशांची बाटली उघडून त्यांच्या खांद्यामागे धरली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ते मात्र वाफे कुठे काढायचे ते सांगत राहिले. मग मी सरळच विचारलं. झारी खाली ठेवून त्यांनी सगळं सांगितलं. थंडीत ताप आला होता ना, तेव्हापासून त्यांना कशाचाच वास येत नाही. भाजी करपो, दूध नासो. तोंडाला फक्त खारट आणि आंबट कळतं. टोमॅटोचं पान चुरगाळल्यावर येतो तो वास आठवून आठवून पानं चुरगाळतात म्हणे. डॉक्टर म्हणतात, परत येईल की नाही सांगता येत नाही. आधी सांगितलं असतं तर आपण दोघींनी जमिनीचं नावही काढू दिलं नसतं, म्हणून लपवलं. त्यांचं काही चुकलं नाही त्यात. तरी मी वाट्टेल ते बोलले, आणि मग आत जाऊन रडले.

तर लिहायचं कारण हे, की काल मी सही केली. खोली माझ्यासाठी अडवून ठेवू नकोस, मी त्यांच्याबरोबर जाणार आहे. मला प्रेमाचा उमाळा वगैरे आलाय असं समजू नकोस. इथे अळ्या बादलीभर आहेत, तिथे परसभर असतील, आणि मी रोज शिव्या घालीन. पण या माणसाच्या बरण्या काही सुटायच्या नाहीत, आणि भरलेली प्रत्येक बरणी ते उघडून खाणार. आमच्या दोघांत किळस येणारं माणूस आता एकच उरलंय, चिऊ. त्याने तुझ्याकडे येऊन कसं चालेल?

नाक मुरडत का होईना, तुझीच
आई