करंगळीची शंका

धारूर, कार्तिक शुद्ध पंचमी, शके १८४६

चि. त्रिंबकास काकाचा आशीर्वाद, रीत म्हणून. वि. वि.

हैदराबादेच्या कॉलेजात प्रोफेसर झालास, तिथली नवी शिकवण दाखवायला आलास, माझ्या पाठशाळेचे घोकणे थांबवलेस आणि विचारलेस, कोणास शंका आहे काय. सगळ्यांनी करंगळ्या वर केल्या अन् भिंतीमागे गेले. यात हसण्याजोगे काही नाही. इथे तेवढ्या एकाच शंकेला परवानगी आहे.

आता लिहितोस, उत्तरेश्वराला कॉलेजात धाडा. तो माझा मुलगा. माझ्यामागे पाठशाळा त्यानेच चालवायची. न घोकता पंडित करणे म्हणजे डाळ न शिजवता पुरण वाटणे.

काकू तुझी खुशाली विचारते. मी तूर्त विचारत नाही.

विश्वंभरशास्त्री

हैदराबाद, कार्तिक वद्य द्वितीया

तीर्थरूप काकांचे चरणी त्रिंबकाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

रागावण्याचा अधिकार आपला. पण सगळे बाहेर गेले तेव्हा उत्तरेश्वर बसून होता. त्याने मला विचारले की संस्कृतात 'दाराः' म्हणजे बायको. मग एकच बायको पुल्लिंगी आणि सदा बहुवचनी कशी. मला उत्तर आले नाही. आपण ते द्यावे; मग मी त्याला कॉलेजासाठी पुन्हा मागणार नाही.

लोभ राग उतरल्यावर करावा.

आपला त्रिंबक

धारूर, मार्गशीर्ष शुद्ध तृतीया

चि. त्रिंबकास आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र ओसरीवर मोठ्याने वाचले, ही चूक झाली. उत्तरेश्वर समोरच होता. मी म्हणालो, कोशात तसे आहे. तो म्हणाला की तसे हाय हे पाठच हाय, कावून हाय ते सांगा. हे 'का' विचारणे तुझेच पेरलेले. काकू आतून म्हणाली की एकीनं दहाजणींचं राबायचं, म्हणून बहुवचन. मी सगळे पाठ मनात उलगडून पाहिले. उत्तर कधी पाठच केले नव्हते.

तुमची रीत मला आजही पसंत नाही. ज्याला उत्तर येत नाही त्याला प्रोफेसर म्हणतात, हे तर मुळीच नाही. तरी उत्तरेश्वर बुधवारी निघतो. त्याला रोज घोकायला लाव. उत्तर सापडले तर आधी मला कळव, त्याला नको.

काल पाठशाळेत एकाने करंगळी वर केली. मी दाराकडे बोट दाखवले. तो उठला नाही. माझ्याकडे बघत बसून राहिला. अशा वेळी तुमच्या कॉलेजात काय करतात, ते उलट टपाली लिही.

लोभ बराच आटला आहे; उरला तो तुझाच.

विश्वंभरशास्त्री